तिकिटाएवढी फट

टेंपोवाला : ...तरी म्हणतो, खुर्चीच्या मानानं जडच आहे ही. रिकामी वाटतच नाही. कुठं टेकवू?

नणंद : इथं, ऐरणीजवळ. पाय फरफटू नका, सरळ उचलून ठेवा. वहिनी, दादाची खुर्ची कारखान्यात का आणलीस तू?

वहिनी : ठेवू दे त्यांना आधी, मग बोलते.

टेंपोवाला : एक फेरी मारून सातला येतो, बाई. तुम्हाला घरी सोडायचंय ना?

वहिनी : हो. जाताना मी एकटीच आहे. खुर्ची नाही.

नणंद : खुर्ची नाही म्हणजे?

वहिनी : मोडून टाका ही, वन्सं. लाकूड वेगळं करा, लोखंड वेगळं करा. तुमच्या कुठल्यातरी कामाला येईल.

नणंद : मोडू? जन्मभर आम्ही दोघा भावंडांनी लोकांच्या घरी खुर्च्या पाठवल्या आणि तुम्ही घरात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलात. दादानं स्वतःसाठी केलेली ही एकच. पाठीवरचं ते पान कोरायला मला दीड महिना लागला. त्याला धरणारी लोखंडी फांदी त्यानं सात वेळा भट्टीत घातली, मनासारखी वळेना म्हणून.

वहिनी : माहीत आहे मला सगळं. पण हे रोज येऊन बसतात तिच्यावर.

नणंद : कोण हे?

वहिनी : हे. तुमचे दादा.

नणंद : वहिनी, पाणी देऊ का जरा?

वहिनी : वेड नाही लागलेलं मला. रोज संध्याकाळी साडेसहाला, इथून घरी यायची त्यांची वेळ. आधी टक. मग थोड्या वेळानं कर्र. कसे बसायचे आठवतं ना? डावा हात टेकायचे, मग गुडघा सांभाळत खाली. हुबेहूब तसंच. लेक त्या खोलीत पाय ठेवत नाही. जिन्यात बसून अभ्यास करते पोर. परवा म्हणाली, आई, बाबांना सांग ना, मला भीती वाटते म्हणून. आता मी हे कुठल्या तोंडानं सांगू त्यांना?

नणंद : टक कुठून होतं? खुर्चीच्या डाव्या हातातून?

वहिनी : डाव्याच.

नणंद : मग तो दादा नव्हे. ती मी आहे.

वहिनी : कळेल असं बोला, वन्सं.

नणंद : हे लोखंडी कडं बघ, खुर्चीच्या हाताला आवळलेलं. लाकूड हवेप्रमाणं फुगतं, आकसतं. लोखंड काही त्याचं ऐकत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये फट ठेवायची, बसच्या तिकिटाएवढी. तिकीट मध्ये घालून कडं आवळायचं आणि मग ते ओढून काढायचं. दादा दर वेळी विचारायचा, तिकीट ठेवलं का? एकदा एक गिऱ्हाईक बिचारं उभंच राहिलं. म्हणे, तुमच्याकडं बसायला तिकीट लागतं का हो?

वहिनी : घरीही तेच. मी डब्याचं झाकण लावलं की विचारायचे, तिकीट ठेवलं का. मी म्हणायचे, डबा आहे तो, गाडीचा नव्हे, जेवणाचा.

नणंद : या कड्याला मी तिकीट ठेवलं नाही.

वहिनी : विसरलात?

नणंद : विसरले असते तर बरं झालं असतं. प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं. तिथं मांडून मग ती घरी न्यायची, असं ठरलेलं. दादा म्हणाला, लाकूड अजून ओलं आहे, थांब, कडं आतून घासून देतो. मी म्हटलं, तुझी घासाघीस पुरे झाली. हातोडीनं ठोकून बसवलं आणि जीव खाऊन आवळलं. तरी त्यानं विचारलंच, तिकीट ठेवलं का. आणि मी म्हणाले...

वहिनी : काय म्हणालात?

नणंद : जाऊ दे.

वहिनी : आठ महिने झाले, तुम्ही आमच्याकडं जेवायला आला नाहीत. मला वाटत राहिलं, माझंच काही चुकलं. काय म्हणालात?

नणंद : म्हणाले, तुझं तिकीट तूच काढ आणि जा एकदाचा.

वहिनी : अगं बाई.

नणंद : मंगळवारी म्हणाले. त्यानं पिशवी उचलली आणि गेला. गुरुवारी सकाळी तुझा फोन, दादा गेला म्हणून. तेव्हापासून बसमध्ये कंडक्टर समोर आला की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. चालत येते मी इथं रोज.

वहिनी : एवढं लांब?

नणंद : तर तो आवाज कड्याचा आहे. दिवसभर तापतं. संध्याकाळी लोखंड आधी गार होतं आणि लाकडाला चावतं. टक. मग सगळा सांगाडा ओढला जातो. कर्र. भूतबीत काही नाही, माझा हट्ट वाजतोय तो.

वहिनी : मग दुरुस्त होईल?

नणंद : दहा मिनिटांत. कडं काढते, घासते, तिकीट ठेवते. आवाज बंद. ने घरी खुशाल.

वहिनी : आणि नाही काढलं तर?

नणंद : उन्हाळ्यात लाकूड चिरेल. का गं? मघाशी तर मोडायला निघाली होतीस.

वहिनी : आठ महिने भीत होते. आता ते नव्हतेच म्हटल्यावर, खरं सांगू, बरं नाही वाटत. काढा तुम्ही. लेकीसाठी काढा.

नणंद : तो पाना दे. खिळ्यावरचा नको, तो दादाचा. नाही, थांब, तोच दे.

वहिनी : हा घ्या. सहा वीस झाले.

नणंद : बोल्ट इतका सहज कसा फिरतोय? मी दोन्ही हातांनी आवळला होता.

वहिनी : काय झालं?

नणंद : कडं आतून घासलेलं आहे. कानशीच्या रेषा बघ, तिरक्या. तिरकी कानस फक्त दादा मारायचा. आणि हे आत काय अडकलंय? वहिनी, तुझा चष्मा आहे ना डोळ्यावर? वाच हे.

वहिनी : बसचं तिकीट आहे. तारीख बुधवारची आहे, वन्सं. हे गेले त्याच्या आदल्या दिवसाची.

नणंद : बुधवारी मी प्रदर्शनाच्या जागेवर होते. इथं कुलूप होतं.

वहिनी : किल्ली होती त्यांच्याकडं. बुधवारी औषध आणतो म्हणून गेले ते अडीच तासांनी आले. हात काळे आणि औषध नाही. विचारलं तर म्हणाले, दुकान बंद होतं. मी भांडले. खोटं बोलता माझ्याशी, म्हटलं. ते नुसते हसले आणि जेवायला बसले. मी ताट वाढलं आणि न बोलता आत जाऊन झोपले. शेवटचं मीसुद्धा नीट बोलले नाही, वन्सं. परतीचं तिकीट शर्टाच्या खिशात असणार. तो शर्ट मी धुतला. खिशातून कागदाचा लगदा निघाला होता.

नणंद : म्हणजे रागावला नव्हता माझ्यावर.

वहिनी : रागावलेला माणूस बसनं येऊन कानस मारेल?

नणंद : पण तिकीट ओढून काढायचं राहिलं कसं? दादाचं असं कधी राहायचं नाही.

वहिनी : राहिलं नाही. तुम्हाला सापडावं म्हणून ठेवलं.

नणंद : थांब. वहिनी, मग फट बरोबर होती. हे कडं चावूच शकत नव्हतं.

वहिनी : मग आवाज कशाचा?

नणंद : माहीत नाही मला.

वहिनी : घड्याळ बघा. साडेसहा.

(खुर्चीच्या डाव्या हातातून : टक.)

नणंद : कडं माझ्या हातात आहे, वहिनी.

वहिनी : दिसतंय. घाबरू नका, हात टेकलाय त्यांनी नुसता. आता कर्र होईल.

नणंद : होत नाही.

वहिनी : थांबलेत. इथं एक गोष्ट विचारल्याशिवाय ते काम संपवायचे नाहीत ना? उत्तर द्या त्यांना.

नणंद : मला नाही जमणार.

वहिनी : आठ महिने ताटकळलाय तो माणूस. द्या.

नणंद : ठेवलं, दादा. तूच ठेवलंस, मी नाही. हे बघ, परत घालते तिथंच, तुझ्याच पान्यानं आवळते. चुकलं रे माझं. तिकीट ठेवलंय.

वहिनी : आवळलं गेलं कडं. आता ऐका.

नणंद : झालं का कर्र? मला तर काही ऐकू आलं नाही.

वहिनी : नाही झालं. आज बसले नाहीत.

टेंपोवाला : चला बाई, सात वाजले. एकट्याच ना?

वहिनी : नाही, खुर्चीपण न्यायची आहे. वन्सं, तुम्हीही चला जेवायला.

टेंपोवाला : आणली काय, नेली काय. तुमची खुर्ची, तुमची मर्जी. अहो, मघाशी दम लागला होता, आता तर एका हातानं उचलली. काय काढलंत हिच्यातून?

नणंद : काही नाही. एक तिकीट होतं, तेही परत ठेवलं.