चमचा ग्लासातच राहू दे

मुलगी : आता बघा. चमचा तिरका केला की कसं पडतंय? धार नाही, थेंब नाही. सावकाश, एकसंध. मधासारखं. डॉक्टरांना असंच हवंय.

बाबा : दिसतंय मधासारखं. लागतं कशासारखं?

मुलगी : संत्रं, डाळिंब, जरासं आलं, वरून दालचिनी. मागच्या वेळी सोड्यात ही घट्ट करायची पावडर टाकली तर सगळं फसफसून ओट्यावर आलं. दुधात टाकली की आधी पातळ राहतं आणि कपात ओतल्यावर गोळा होतो. म्हणून आज सोडा नाही, दूध नाही.

बाबा : म्हणजे राहिलं काय?

मुलगी : फळांचे रस राहिले. आणि संध्याकाळी येतील त्या सगळ्यांना मी हेच देणार. काका, मावशी, तुमच्या डेपोतले दोघं. तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ग्लास उचलायचा, तर तुमचाच ग्लास वेगळा कशाला?

बाबा : पाहुण्यांनी काय पाप केलंय गं? त्या अर्धांगाच्या झटक्यानंतर माझ्या घशाचा गिअर पडत नाही. त्यांच्या गाड्या चालतायत की व्यवस्थित.

मुलगी : थट्टा पुरे. पातळ काही प्यायलात की घशाचं झाकण मिटायच्या आत ते फुफ्फुसात उतरतं. दोनदा न्यूमोनिया झाला. तिसऱ्यांदा झाला तर काय, ते डॉक्टर तुमच्यासमोरच बोलल्या.

बाबा : बोलल्या. बाई स्पष्ट आहेत. मला आवडतात.

मुलगी : मग प्या.

बाबा : पितो ना, घाई काय आहे? ठेव इथं माझ्या हाताशी. आणि चमचा काढून नेऊ नकोस. ग्लासातच राहू दे.

मुलगी : आधी एक चमचा तोंडात घेऊन तोंड वाकडं करायचात. आता कसं चवीनं, सावकाश पिता. ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय मी. म्हटलं, पोटात नळी घालायची वेळ टळली. बाबा प्यायला लागले.

बाबा : हं. सांगितलंस होय.

(थोड्या वेळाने. बाबांच्या ग्लासात अर्धं पेय उरलं आहे.)

मुलगी : आई, जरा इकडे ये. हा बाबांचाच ग्लास ना?

आई : त्यांचाच. का गं?

मुलगी : यात तू पाणी घातलंस?

आई : मी कशाला घालू?

मुलगी : मग हे बघ. पातेल्यातलं अजून चमच्याला धरून आहे. ग्लासातलं ओतते… बघ, पाण्यासारखं वाहतंय. एकाच पातेल्यातलं, एकाच वेळी काढलेलं.

आई : पावडर जुनी असेल.

मुलगी : जुनी असती तर दोन्ही बिघडलं असतं. फरक एवढाच, की हे बाबा प्यायलेत. चमचा तोंडात, तोंडातून ग्लासात, परत तोंडात… अरे देवा. ही पावडर म्हणजे नुसता स्टार्च. लाळेनं स्टार्च पचतो, पातळ होतो. शाळेत केलाय हा प्रयोग. परीक्षानळीत स्टार्च, वर आयोडीन, सगळं निळंशार. त्यात लाळ घालायची आणि थांबायचं. निळा रंग उडून जातो. मला पैकीच्या पैकी मार्क होते त्यात. आणि घरात इतके दिवस डोळ्यांसमोर चाललंय, तर मला सुचू नये?

बाबा : ते सुचायला तहान लागावी लागते.

मुलगी : म्हणजे तुम्ही मुद्दाम करत होता?

बाबा : तुझं शास्त्र मला ठाऊक नव्हतं. एकदा अर्धा ग्लास ठेवून डुलकी काढली. उठून बघतो तर पातळ. एक घोट घेतला. गार, सरळ खाली गेला.

मुलगी : खाली कुठे गेला, बाबा?

बाबा : तिकीट कुठलं काढलंय, ते विचारलं नाही मी त्याला.

मुलगी : हसू नका. कधीपासून चाललंय हे?

आई : तू पहिल्यांदा सफरचंदाचं केलं होतंस ना, लवंग घालून, तेव्हापासून.

मुलगी : तुला माहीत होतं?

आई : दिसत होतं. चमचा चोखायचा, ग्लासात फिरवायचा, मग घड्याळाकडे बघत बसायचं. शाळा सुटायची वाट बघणाऱ्या पोरासारखं.

मुलगी : आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस?

आई : यांना बोलले. चमचा काढूनही घेतला. तर यांनी पिणंच सोडलं. ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटायला लागली. डॉक्टरांनी पोटातल्या नळीचा विषय काढला, तर हे भिंतीकडे तोंड करून झोपले. मग मी चमचा परत दिला.

मुलगी : मला फोन करायचा होतास.

आई : करणार होते. तेवढ्यात तुझाच आला. किती प्यायले विचारलंस, मी अर्धा ग्लास म्हटलं, तर ओरडलीस, आई, जमलं. इतक्या महिन्यांनी तुझा तसा आवाज ऐकला. माझ्यानं सांगवलं नाही.

मुलगी : बाबा, ‘आ’ म्हणा. लांबवून.

बाबा : आऽ.

मुलगी : आवाज ओला येतोय. घशात खळखळ ऐकू येते, म्हणजे काहीतरी श्वासनळीकडे गेलंय. आई, ताप?

आई : सकाळी कपाळ जरा गरम लागलं.

मुलगी : मोजलास?

आई : नाही मोजला.

मुलगी : का?

आई : मोजला असता तर तुला सांगावा लागला असता. आजचा दिवस जाऊ दे, म्हटलं.

मुलगी : हा दुसरा डबा बघा. माझ्याकडे पहिल्यापासून आहे. यात स्टार्च नाही, डिंकासारखं असतं. लाळेनं याला काही होत नाही. रात्रभर ठेवा, तसंच राहतं. तोंडात बुळबुळीत लागतं, तुम्हाला आवडणार नाही, म्हणून मी बाजूला ठेवला होता. आजपासून यातच मिसळणार. मग चमचा चोखा, नाहीतर ग्लासात हात घालून बसा.

बाबा : मग मी नाही पिणार.

मुलगी : बाबा.

बाबा : रागानं नाही सांगत. बस चालवायचो तेव्हा इंजिन अगदी पायाशी असायचं. उन्हात केबिनची भट्टी व्हायची. शेवटच्या थांब्यावर उतरलो की नळाखाली तोंड धरायचो. त्या पाण्याला चव काय होती? काही नाही. मला ते काही नसलेलं हवंय गं. तू संत्रं घालतेस, लवंग घालतेस, आज दालचिनी. तुझे कष्ट दिसतात मला. पण ग्लास संपतो आणि तहान आहे तिथंच असते.

मुलगी : तहान राहील. पण तुम्ही तर राहाल.

बाबा : कशासाठी?

मुलगी : आई, तू बोल ना काहीतरी. ओरड त्यांच्यावर. दर शनिवारी दोन बस बदलून येते मी, पिशवीभर फळं घेऊन. रोज रात्री नवीन काहीतरी शोधते. कशात पावडर विरघळते, कशात गुठळ्या होतात, आंबट किती चालतं, गोड किती. मला वाटायचं, कुठेतरी बरोबर प्रमाण असणारच. सापडलं नाही, एवढंच.

बाबा : कधी कधी नसतंच ते, पोरी.

मुलगी : आई, बोल ना.

आई : काय बोलू? चाळीस वर्षं सांगतेय, घराजवळ आल्यावर हॉर्न वाजवू नका. त्यांनी वाजवलाच. मला कळायचं, आले. हल्ली घर नुसतं गप्प असतं.

बाबा : संध्याकाळी मला जुन्या डब्यातलंच द्या. सगळ्यांबरोबर ग्लास उचलीन, चमचा बुडवीन आणि थांबेन. काका दोन शब्द बोलणार आहे. त्याचे दोन शब्द होईपर्यंत पाण्याची वाफसुद्धा होईल.

मुलगी : आणि ते छातीत गेलं तर?

बाबा : तर गेलं.

मुलगी : मी मिसळून देऊ तुम्हाला? सगळं ठाऊक असताना, माझ्या हातानं? नाही जमणार मला, बाबा. डॉक्टरांना फोन करते. आत्ताच्या आत्ता.

बाबा : कर. त्या काय सांगतील, ते मीच सांगतो. ॲडमिट करा. नळी घाला. मी नको म्हणेन. त्या म्हणतील, शुद्धीवर आहेत, त्यांची मर्जी. मग आपण तिघं परत याच खोलीत बसू.

मुलगी : आई?

आई : पाहुणे येतील आता. तो डबा दे इकडे.

मुलगी : कुठला?

आई : जुना. यांचा ग्लास मी भरते. तू बाकीच्यांचे भर.