पट्टीचे डोलणे

माझ्या भाचीच्या पट्टीचे तुम्हांला सांगायचे राहिलेच. विजेच्या इशाऱ्यावर वाकणाऱ्या पातळ पट्टीवर ती नांदेडला संशोधन करते. गोष्ट तिच्या परीक्षेच्या आदल्या दिवशीची. दुसऱ्या दिवशी परीक्षकांपुढे पट्टी एकाच वळणात स्थिर राहिली नाही, तर पदवी लांबणार होती. प्रयोगशाळा शांत, म्हणून माहूरच्या आराधीण गोदाबाईंना मी त्यांची देवीची गाणी ध्वनिमुद्रित करायला तिथेच नेले. त्यांचे संबळ वाजताच, देवीच्या संचारात शरीर हेलावते त्याच लयीने, पट्टी स्वप्नात असल्यासारखी डोलू लागली.

“बया! हिच्या अंगात आलं की गं!” गोदाबाई हरखल्या.

भाचीने घाईने संगणकावर आकडे बदलले. पट्टीवर चिकटवलेल्या चकत्या प्रत्येक कंप ओळखून उलट जोर लावू लागल्या. वादन चालूच होते. पट्टी निश्चल झाली. भाचीने सुटकेचा निःश्वास सोडला.

गोदाबाईंचे हात मात्र थांबले. “आता हिला ऐकू येईना का गं?”

“येतंय, मावशी,” भाची त्यांना हळूच म्हणाली, “मीच डोलू देत न्हाई.”