मोपा की चिपी

एसी बंद करू नको रे बाबली, सुपांतली पानं कोमेजतात — लेक नाही आली तरी ओवसा ताजा दिसायला हवा — काय? नाही रे, येणार ती! विमान लेट आहे. हैदराबाद ते मोपा सव्वा तास, म्हणजे मला पेडण्याच्या बाजारात जाऊन, भांडून परत यायला लागतो तेवढा. आज लेट. तू विमानतळाच्या त्या बोर्डाकडे बघू नको, दाराकडं बघ.

तुला सांगायला हवं, कुडाळला तिच्या सासरी तूच सोडणार आम्हाला. लग्नानंतरची पहिली गौर, सुविधाचा पहिला ओवसा — सुपं माहेरची, तिनं सासरच्या गौरीपुढं धरायची, आजच, गौर जेवायच्या आत. मिरगात गेली ती हैदराबादला. नोकरी म्हणते. पण नोकरीला जाताना कोण लग्नातल्या साड्यासुद्धा घेऊन जातं, सांग! जावई गप्प, ती गप्प. आज आली नाही तर मग त्या घरात ती परत — जाऊ दे. तू आरशातून बघतोस ना, म्हणून तोंडातून जातं.

आणि आम्ही दोघी शहाण्या! विहीणबाई, कमलाक्षीबाई, म्हणाल्या, चिपीला उतरू दे, आमच्या दाराशी विमानतळ. मी म्हटलं, मोपाच! का? अरे, आमच्या काजी, काजूची झाडं होती इथं, आता वर धावपट्टी आहे. लेक उतरली तर आमच्याच बागेत उतरू दे. मोपा ते चिपी, विमान उडालं असतं तर दहा मिनिटं — पण तसं विमानच नाही, आणि गाडीनं दीड तास. तेवढ्यावर पंधरा दिवस फोनवर भांडलो. सुविधा वैतागली. "तुमचं ठरलं की कळवा, तोवर मी येतच नाही." फोन ठेवला. तो ठेवला तो ठेवला. तरी पहिला ओवसा चुकवायची नाही, मोपालाच उतरेल, म्हणून आले मी.

तिकीट? तिकीट मी... नाही बघितलं. हैदराबादची विमानं अशी किती असणार, म्हटलं. सकाळपासून दोन उतरली. हो बाबा, उतरली. लेट-बीट काय नाय.

थांब, फोन. विहीणबाई! मेले मी. तू घे — नको, दे इकडं. — हां, बोला विहीणबाई... येतोच, विमान जरा लेट... खंय? चिपीला? कधी?... आणायला कोण गेलं?... तो स्वतः?... द्या, तिला द्या... सुविधा?... हो गो. ताजी आहेत. एसीत ठेवलीत... आणते.

...

जावई गेला होता आणायला, बाबली. न्हाऊन बसलीय गौरीपुढं, सुपांची वाट बघत. दोघांनी परस्पर ठरवलं, मला न सांगता, विहीणबाईंना न विचारता. दोघीही हरलो बघ आम्ही — म्हणजे मी जास्त.

दात काढू नको. आणि तिथं कोणी विचारलं तर म्हण, विमान — नको. काही म्हणू नको. जनेलाची काच वर घे, गाडी काढ.