सरका की पावणं!

आणि वरनं मलाच म्हणत्यात, बाई, तुमची तक्रार खोटी हाय! खोटी? अहो पावणं, ज्या ट्रॅक्टरच्या चाकातला चिखल मी ह्या हातानं खरवडून काढला, त्यो ट्रॅक्टर माझा म्हणलं तर ती तक्रार खोटी? मग खरी कुणाची? कुणाचं म्हणायचं हे, तुम्हीच सांगा!

थांबा. असं मधनंच सांगितलं तर तुमच्या काय ध्यानात यायचं न्हाय. बसा. चहा टाकते... न्हाय, आधी सांगते, चहा मागनं. चहा टाकला की दूध तिथंच ऱ्हातंय आन् माझं बोलणंच उतू जातंय.

तर आमचं हे, सयाजीराव. ट्रॅक्टरनं ऊस ओढायचं. लाल हेड, पुढं बंपरला गोंडं, मागं दोन ट्रॉल्या, आन् हॉर्न असा की शेजारच्या गल्लीतली झोपलेली पोरं उठून बसायची. बरं, हॉर्न वाजवून गप बसावं का न्हाय? न्हाय! हॉर्न झाला की मागनं तोंडानं वरडायचं, "सरका की पावणं!" म्हशीला पावणं, कुत्र्याला पावणं, एकदा तर आमदाराची गाडी आडवी आली, तिलाबी, "सरका की पावणं!" मी म्हणायची, अहो, हॉर्न हाय की एवढा, वर तोंड कशाला? तर म्हणायचं, "बये, हॉर्न रस्त्याला, तोंड माणसाला." आता म्हस माणूस हाय का? पर ह्यास्नी कोण सांगणार! कोपऱ्यावरनं ते वरडणं ऐकू आलं की मी इकडं तवा ठेवायची. तवा तापंस्तोवर हे दारात.

दोन वर्सं झाली, गेलं. छातीत कळ आली, आन् संपलं. ट्रॅक्टर नेसरीच्या बाळासोंना देऊन टाकला. मी कुठं चालवणार? आन् दारात नुसता उभा बघवंना. पोरगी तेजस्वी पुण्यात. न्हाय, फोन करती की रोज! "आई, जेवलीस का?" "जेवले." "बरं, ठेवते, मीटिंग आहे." झालं. जेवले न्हाय म्हणलं तर वाईच जास्त बोलती, म्हणून मी अधनंमधनं जेवले न्हाय म्हणून सांगते. तेवढंच.

तर दिवाळीला आलती. मी भाजी निवडत बसलेली, आन् ही मोबाईल माझ्या हातात देती, "आई, बघ बघ!" बघते तर काय, ट्रॅक्टर चालवायचा खेळ, आन् त्यात आमचाच ट्रॅक्टर! तेच गोंडं, तोच लाल रंग, मडगार्डाला त्योच पोचा. भांडणात मी तांब्या फेकून मारलेला त्यो पोचा! म्हणलं, आमचं भांडण मोबाईलात कसं गेलं? तवर तिनं हॉर्न दाबला. हॉर्न वाजला, आन् मागनं...

"सरका की पावणं!"

ह्यांचा आवाज! मोबाईल पडला माझ्या हातातनं मेथीत.

हे केलेलं कुणी, तर पेठ वडगावच्या विजयसिंहानं. त्यो म्हणं ह्यांच्या ट्रॅक्टरचा फॅन! नटाचं फॅन असत्यात, ठावं हाय मला. ट्रॅक्टरचं फॅन असत्यात व्हय? असत्यात, पावणं! कारखान्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागायची, तिथं उभा ऱ्हाऊन फोटो काढायचा, हॉर्न रेकॉर्ड करायचा, त्यात ह्यांचं वरडणंबी आलं. त्यावरनं कॉम्प्युटरात हुबेहूब ट्रॅक्टर बनवला. त्येला मॉडेल म्हणत्यात. आन् एका साइटवर ठेवला फुकट, ज्येला पायजे त्येनं आपल्या खेळात घ्यावा. कुणी केरळातनं घेतोय, कुणी इंडोनेशियातनं. तिकडं काय बोलत्यात देव जाणे, पर हॉर्न दाबला की, "सरका की पावणं!"

पोरीनं जाताना त्यो खेळ माझ्या मोबाईलात घालून दिला. मग काय, दिवस मावळला की मी मोबाईल घेऊन म्होरल्या सोप्यात. आधी आधी खांबाला धडकवायची, मग लायनीवर आला. कोपऱ्यावर आणायचा, हॉर्न दाबायचा. "सरका की पावणं!" मी म्हणायची, "सरकले, या." आन् उठून तवा ठेवायची. भाकरी एकटीचीच, पर तवा येळंवर तापायचा.

हसू नका. तुमच्यात कोण हसलं?

आन् एक दिवस त्याच साइटवर बघते तर दुसरा तसलाच! लाल हेड, गोंडं, माझ्या तांब्याचा पोचासुदीक! वर नाव, 'गारगोटी किंग आदर्श'. कोण रं तू? कवा मारलास तांब्या तू? आन् हॉर्न दाबला तर मागनं काय? कुत्रं! ह्यांचा आवाज कापून तिथं कुत्रं भुकाय लावलंय! माझ्या तळपायाची आग मस्तकात.

लावला विजयसिंहाला फोन. त्येचा नंबर असतोय तिथं खाली. "काकू, त्यानं माझं मॉडेल उचललंय, मी मारतो रिपोर्ट कॉपीराइटचा." म्हणलं, "तू कशाला? मी हाय की जिती!" चौथी शिकलीया मी, मराठी वाचता येतंय. बटण दाबलं की सगळं मराठीत होतंय.

उघडला रिपोर्टाचा फॉर्म. ते इचारतंय, 'हे मूळ काम तुमचे आहे का?' म्हणलं, व्हय! चिखल काढला कुणी? 'आपण कोणास परवानगी दिली आहे?' म्हणलं, कुणालाबी न्हाय! 'कोणते मॉडेल काढायचे?' तिथं मी माईक दाबून बोलले, "आमच्या परवानगीबिगर ज्यानं ज्यानं हा ट्रॅक्टर घातलाय, त्या समद्यांचा काढा. एकबी ठेवू नका!" दिलं पाठवून. काय गार वाटलं म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी आदर्शचा ट्रॅक्टर गायब. टाळी वाजवली मी, एकटीनंच. दिवस मावळला, सोप्यात बसले, खेळ उघडला... आमचाबी गायब! तिथं कसलातरी बोडका, पांढरा ट्रॅक्टर. हॉर्न दाबला. पीप.

विजयसिंह रडायच्या घाईला. "काकू, काय केलंसा! मी तरी परवानगी कुठं घेतलेली? माझंबी काढलं, ज्येंनी घेतलेलं त्येंच्या खेळातनंबी गेलं, अकाऊंटच उडालं!" म्हणलं, "मग घाल की परत, तुझ्या कॉम्प्युटरातनं." तर त्येचा कॉम्प्युटर जळालेला! "साइटवर हाय म्हणून बिनघोर होतो, काकू." "आन् आवाज?" "त्योबी तिथंच."

मग आदर्शला फोन. "अरं, कापलेला आवाज तरी दे." "काकू, त्यो तुकडा तवाच डिलीट मारला. कुत्रं पायजे का?" त्येला ज्या शिव्या दिल्या, त्येंचा कॉपीराइट मात्र माझाच हाय. तिथं कुणी वाद घालू नये.

साइटवाल्यास्नी म्हणलं, चुकलं माझं, परत द्या. तर म्हणत्यात, पुरावा! अहो, काढताना इचारला न्हाईसा, देताना पुरावा? आता आरसी बुक बाळासोंच्या नावावर. त्यांना फोन लावला. भला माणूस. "वहिनी, ट्रॅक्टर माझा हाय, मी लिहून देतो. पर आवाज दादांचा, त्यो माझा कसा म्हणू?" खरं हाय. मग बाळासोंनीच पुढं ट्रॅक्टरच्या कंपनीला इचारलं, तर कंपनी म्हणती, आकार आमचा, रंग आमचा, वापरायचा न्हाय. पोचा आमचा न्हाय. बघा! सगळ्यास्नी आपलं आपलं पायजे, पोचा तेवढा माझ्या पदरात! कुणाचं म्हणायचं हे?

शेवटाला साइटवाल्यास्नी म्हणलं, ट्रॅक्टर ठेवा तुमच्याकडं. रंग ठेवा, गोंडं ठेवा. नुसता आवाज द्या. तीन शब्द हायत. तर जबाब आला, 'ज्यांचा आवाज आहे त्यांनी स्वतः अर्ज करावा.'

आता बोला! त्यांनी अर्ज करावा! म्हणलं, सांगून बघते.

आन् त्येच्या मागनंच ते आलं, 'आपली तक्रार खोटी आढळली.'

विजयसिंह गुणाचा पोरगा. रुसला न्हाय. उसना कॉम्प्युटर आणून नवा ट्रॅक्टर बनवला माझ्यासाठी. कंपनीचा आकार न्हाय, लाल रंग न्हाय, गोंडं न्हाय, पोचा न्हाय, आवाज न्हाय. म्हणला, "काकू, आता ह्यात कुणाचंच काय न्हाय, त्यामुळं कुणी काढू शकत न्हाय." म्हणलं, बरं बाबा.

चालवते की त्योच. दिवस मावळला की कोपऱ्यावर आणते, हॉर्न दाबते. पीप. आन् त्येच्या मागनं कुणीतरी वरडाय पायजे का नको? मग मीच वरडते, चांगली मोठ्यांदा, "सरका की पावणं!"

आन् मीच सरकते बाजूला. दुसरं हाय कोण घरात?