नाइकांच्या खिडकीतला हात

सरका जरा, शेकोटीला वाट द्या. आनि तू रे, मागं बघू नकोस. काय न्हाई तिथं. असलंच तर तुला सांगून येईल व्हय? ऐका.

जिन्नाप्पा कासाराची गोष्ट हाय ही. आपल्या मुलखातला न्हवं त्यो, पार गडहिंग्लजच्या वरचा. हिकडं दक्षिणेला घाटाच्या तोंडाशी जत्रा व्हती. दुकान मांडायला चांगली जागा धरायची तर उजाडायच्या आत पोचाया पायजे. गडी जेवला, बांगड्यांचं गाठोडं खांद्यावर टाकलं आनि अंधारातच निघाला. एकटाच! फाट्यावर कुनी असतं तर सांगितलं असतं, बाबा, त्या पायवाटेला आम्ही गुरं बी घालत न्हाई. पन त्या वक्ताला कोन असनार? जवळची वाट दिसली, गेला की तिनंच.

चालतोय, चालतोय. कुत्रं भुंकंना. रातकिडा वरडंना. आपल्याच पायांचा आवाज आनि आपल्याच बांगड्यांची किनकिन. आनि झाडीत उजेड दिसला! जिन्नाप्पाला बरं वाटलं बघा. एकट्या मानसाला उजेड दिसला की आधी बरंच वाटतं, भ्या मागनं येतं.

नाइकांचं घर ते. लांबलचक, कौलारू, फनसाच्या झाडीत बुडालेलं. आत ही गडबड! कोन दळतंय, कोन पोराला दटावतंय, म्हातारी खोकतीया. आनि खिडकीच्या गजांतनं एक हात भाईर आला. रिकामा हात. "कासारदादा, हिरव्या भरा," म्हनली बाई.

आता रिकामा हात बघून कासार पुढं जाईल व्हय? गडी ओट्यावर बसला, गाठोडं सोडलं, तिचा हात हातात घेतला. गार! त्याला वाटलं, भांडी घासून आली असंल. पैली बांगडी चढवली. कासार कसा बोटं दाबून, अंगठा मुडपून बांगडी चढवतो, बघितलंय न्हवं तुमी? हितं काय दाबायचंच न्हाई. बांगडी सुळकन गेली, पार कोपराच्या वर गेली. दुसरी घातली, ती बी गेली. भरतोय, भरतोय, मनगट आपलं रिकामंच. हात काय भरंना!

बाईनं आत वळून इचारलं, सासूबाई, आनिक घेऊ का? म्हातारी म्हनली, घे गं पोरी. जाऊ म्हनली, मला बी ठेव थोड्या. पोरगं खुदकन हसलं. जिन्नाप्पानं सहज वर बघितलं. आनि ऐका, म्हातारी बोलत व्हती तवा ओठ हिचे हलत व्हते. जाऊ बोलली, ओठ हिचेच. पोर हसलं, ओठ हिचेच. जात्याची घरघर, ती बी हिच्याच गळ्यातनं! घरात दुसरं कुनी न्हवतंच. एकटी बाई सगळं घर बोलून दावत व्हती.

जिन्नाप्पानं हात सोडला. पन तिनं सोडला न्हाई. मनगट धरलं त्याचं. दार आपोआप उघडलं, आनि ती त्याला खेचत खिडकीपासनं उंबऱ्यापातुर घेऊन आली. मधी गज व्हते का न्हवते, देव जानं!

"मला हितनं न्या, दादा," ती म्हनली. "गावानं मला कवाच तुमच्यासंगं धाडलीया. मग न्या की."

जिन्नाप्पाला काय कळतंय त्यातलं? तुमाला सांगतो. सगुना तिचं नाव. नवरा पलटनीत. दिराचा डोळा जमिनीवर. त्यानं उठवलं, भाऊ लढाईत मेला, आनि हिचा चुडा फोडला. ही म्हनली, माझा मानूस जिता हाय, मी गावात सांगनार. तर मागच्या खोलीत कोंडली तिला. पानी सुदिक दिलं न्हाई. मेली, तर तिथंच जमिनीत पुरली. आनि नवरा खरंच परत आला की! दीर त्याला म्हनला, तुझी बायको कासारासंगं पळाली, आनि गाव बी तेच बोललं. त्यानं ते खरं धरलं, पाठ फिरवली, पुन्ना हिकडं फिरकला न्हाई. दीर मरताना सगळं बरळला, तवा गावाला कळलं. पन जमीन उकरून तिला भाईर काढायला गेलं कोन? कुनी न्हाई! घर ओस पडलं, आनि ती आत ऱ्हायली.

तर हितं जिन्नाप्पाचा पाय उंबऱ्यावरनं आत घसरतोय. आत गेला की संपलं, हे त्याला कुनी सांगायला नको व्हतं. आनि सवयीनं, निस्त्या सवयीनं त्याच्या तोंडातनं निघालं, "बाई, चुडा भरला. नमस्कार करा."

बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला वाकून नमस्कार करते, त्यो आशीर्वाद देतो. माहेरच्या मानसाचा मान असतो त्यो. चांगल्या घरची लेक ती. मरून इतकी वरसं झाली, पन वळन कुठं जातंय? तिनं मनगट सोडलं. डोक्यावरनं पदर घेतला. वाकली.

आनि जिन्नाप्पा पळाला! गाठोडं तिथंच टाकलं. काट्यातनं, वढ्यातनं, पडत, उठत. उजाडताना जत्रेतल्या देवळाच्या पायरीवर येऊन आडवा झाला. मनगट काळंनिळं. लोकांनी पानी पाजलं, त्या घराची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून रडला त्यो. भ्यानं न्हवं. म्हनला, "ती वाकली व्हती हो. आनि मी आशीर्वाद न देताच पळालो."

म्हनून सांगतो, त्या पायवाटेनं जाऊ नका. फाट्यावरनं लांबचा रस्ता धरा, पाय दुखले तर दुखू देत. लांबनं गेलेले सांगतात, झाडीत उजेड अजून दिसतो. पन आता आतनं आवाज येत न्हाईत. म्हातारी खोकत न्हाई, जातं फिरत न्हाई, पोर हसत न्हाई. ती अजून वाकलेलीच हाय.