बॅटरीची वायर

पांढरकवड्याला माझ्या स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत थांबलो होतो. शेजारी एका जुन्या कारचं बोनेट उघडं होतं आणि आत बाप-लेक वाकले होते.

"हे काय आहे, सुरभी?"

"रेडिएटर. इंजिन गरम असलं तर झाकण उघडाचं नाही."

"अन् हा पट्टा?"

"फॅनबेल्ट. बाबा, तिसऱ्यांदा इचारून राह्यले तुम्ही. मले एकटीले उजेडात हैदराबादले पोचाचं आहे. उद्या ड्युटीचा पयला दिवस."

"पण गाडी चालूच नाही होत ना, माय."

"बॅटरीची वायर निघाली म्हून. सकाळी त मीच घट्ट केलती. तुम्ही काढली ना? काहून?"

"तुले सापडते का, पाहून राह्यलो होतो."

"सापडली. लावू आता?"

"लाव. पण हळूहळू लाव."