तीन नंबरच्या मशीनची हद्द

(बाटल्यांची झाकणं बनवणारा कारखाना. तपासणी विभागाची काचेची खोली. टेबलावर संगणक, एक पत्र आणि टोपण काढून ठेवलेलं पेन.)

मावशी : सही करते हो, पळून नाही जात. पण कामावरून कमी करताय ते कशासाठी, एवढं तरी कळू द्या. वीस वर्षं तीन नंबरच्या मशीनवर काढली, जाताना कारण तरी पदरात पडू दे.

साहेब : मावशी, मी कमी करत नाहीये. आकडे करताहेत.

मावशी : अगंबाई! मग सहीही त्या आकड्यांचीच घ्या की.

साहेब : हे बघा. चार मशीन, माल सारखाच. महिन्याभरात खराब निघालेली झाकणं तीस, चोवीस, एकोणतीस. आणि तुमची एक्केचाळीस.

मावशी : नाकारतेय कुठे? पण हाताची पाच बोटं तरी सारखी असतात का?

साहेब : नाही ना. म्हणूनच काय-स्क्वेअर चाचणी. योगायोगाने पडलेला फरक कुठला आणि खरा कुठला, ते ती सांगते. फरकाचा आकडा आला चार पॉइंट सत्त्याण्णव. मग स्प्रेडशीटमध्ये इन्व्हर्सचं फंक्शन टाकलं, पाच टक्के चूक चालेल म्हणून सांगितलं, की ते हद्द काढून देतं. झीरो पॉइंट पस्तीस. तुम्ही हद्दीच्या कुठच्या कुठे बाहेर.

मावशी : पाच टक्के चूक म्हणजे?

साहेब : म्हणजे शंभरात पाचदा निर्दोष माणूस उगाच अडकू शकतो.

मावशी : वा! ते पाच तुम्ही निवडता, की चिठ्ठ्या टाकता?

साहेब : टोमणे नकोत. चला, तुमच्यासाठी म्हणून एकच टक्का धरतो. निर्दोषाला आणखी सांभाळून. झालं समाधान? ही आली हद्द. झीरो पॉइंट अकरा.

मावशी : म्हणजे वर गेली की खाली आली?

साहेब : खाली.

मावशी : मला सांभाळायला निघालात, आणि कुंपण आणून ठेवलंत थेट माझ्या पायाशी! धन्य तुमची माया.

साहेब : थांबा... थांबा हं जरा.

मावशी : थांबलेच आहे. घाई तुम्हालाच होती.

साहेब : वर जायला हवी होती. मावशी, मी या विषयात पहिला आलोय हो.

मावशी : दिसतंय ना. भिंतीवर आहे, चौकटीत.

साहेब : हे फंक्शन डावीकडून, म्हणजे लहान आकड्यांच्या टोकाकडून मोजतं. मला हवं होतं उजवीकडून मोजणारं. फंक्शनच्या नावाच्या शेवटी आरटी, म्हणजे राइट, लावायचं राहिलं.

मावशी : दोन अक्षरं?

साहेब : दोन अक्षरं. आणि आधी एक टिंब.

मावशी : टिंब होय! मग काय, मोठंच काम. लावा आता.

साहेब : पाच टक्क्यांनाच बघतो... सात पॉइंट एक्क्याऐंशी. तुमचे चार पॉइंट सत्त्याण्णव आतच आहेत. एवढा फरक योगायोगानेही पडतो. पत्र फाडतो मी.

मावशी : नीट फाडा. नाहीतर चिकटवून पुन्हा आणाल.

साहेब : चुकलं माझं, मावशी.

मावशी : असू द्या. देव भलं करो तुमचं, हे मात्र टोमणा नाही. पण ही शीट नवी आहे का हो?

साहेब : नाही. दोन वर्षं हीच आहे.

मावशी : मग एक नंबरवरचे दादा? मागच्या हिवाळ्यात गेले ते?

साहेब : त्यांनाही याच शीटवरून कमी केलं.

मावशी : याच खुर्चीत बसून सही केली त्यांनी. काही विचारलं नाही. बाहेर येऊन मला म्हणाले, संगणक कशाला खोटं बोलेल.

साहेब : त्यांची फाइल आहे इथे. उघडतो... फरक दोन पॉइंट एक.

मावशी : आणि हद्द?

साहेब : तीच. सात पॉइंट एक्क्याऐंशी. ...मावशी, त्यांचं घर माहीत आहे तुम्हाला?

मावशी : आहे ना. केव्हाही जा. घरीच असतात.